सहा सह्यांचा हात

शेवट आधीच सांगतो. शनिवार, २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डच्या उत्तर वेशीबाहेर ६६ वर्षांच्या एका माणसाला खांबाला बांधून जिवंत जाळण्यात आले. त्याचे नाव थॉमस क्रॅन्मर. तेवीस वर्षांपूर्वी तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला होता. इंग्लंडच्या चर्चला इंग्रजीतले प्रार्थनापुस्तक त्यानेच दिले. पुण्याच्या पंचहौद चर्चपर्यंत पोहोचलेल्या अँग्लिकन उपासनेचे मूळ त्या पुस्तकात आहे. त्याला जाळणारेही ख्रिस्तीच होते. आणि त्या सकाळपर्यंत त्यांना जे जे हवे होते, ते सारे त्याने सही करून दिलेले होते.

१५७ दिवस आधी. १६ ऑक्टोबर १५५५

बोकार्डो हा उत्तर वेशीवरचा तुरुंग. क्रॅन्मरला त्या दिवशी आपले सोबती जळताना पाहायला लावले. ह्यू लॅटिमर लवकर गेला. निकोलस रिडलीच्या पायाशी मोळ्या इतक्या दाटून रचल्या होत्या की जाळ वर चढेना. पाय जळत राहिले, जीव जाईना.

तिघांवरचे आरोप सारखेच होते. मिस्सा या उपासनाविधीत भाकर आणि द्राक्षारस यांचे खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, हे त्यांना मान्य नव्हते. पोपची सत्ताही मान्य नव्हती.

क्रॅन्मर मागे उरला तो नियमामुळे. त्याला आर्चबिशपपदाचा मान पोपकडून मिळालेला, म्हणून त्याचा निकाल रोममध्ये लागायचा. सप्टेंबरात त्याला हुकूम मिळाला होता : ८० दिवसांच्या आत रोमला हजर व्हा. तुरुंगाचे दार मात्र कोणी उघडले नाही. ८० दिवस नेमाने मोजले गेले.

१०८ दिवस आधी. ४ डिसेंबर

रोममध्ये पोप चौथा पॉल याने निकाल दिला. पद काढून घेतले, पुढचे सरकारच्या हवाली.

सरकार म्हणजे राणी मेरी. २३ मे १५३३ रोजी याच क्रॅन्मरने तिच्या आईचा, कॅथरीनचा, राजा आठव्या हेन्रीशी झालेला विवाह रद्द ठरवला होता. मेरी तेव्हा १७ वर्षांची होती. त्या एका निकालाने ती राजकन्या उरली नाही, अनौरस मुलगी ठरली. तो कागद क्रॅन्मरच्या हातचा होता, आणि ती तो विसरली नव्हती.

डिसेंबर, पुढचे काही आठवडे

त्याला बोकार्डोतून काढून क्राइस्ट चर्च कॉलेजात, डीनच्या घरी ठेवले. चांगले जेवण, हिंडायला बाग, बोलायला शिकलेली माणसे. हुआन दे व्हिलागार्सिया हा तरुण स्पॅनिश डॉमिनिकन त्याच्याशी वाद घालायला येई. दोन वर्षे कोठडीत काढलेल्या म्हाताऱ्याशी कोणीतरी सभ्यपणे बोलत होते.

मग त्याला पुन्हा बोकार्डोत आणले. तिथला पहारेकरी निकोलस वुडसन कट्टर कॅथलिक होता. क्रॅन्मरला आता जवळचा म्हणावा असा तेवढाच एक माणूस उरला होता. रिडली आणि लॅटिमर असते तर कदाचित पुढचे घडलेही नसते, असे मला वाटते. एकट्या माणसाला वळवणे सोपे जाते.

जानेवारीचा शेवट

पहिली सही. मजकूर अगदी थोडा : राजाराणीने संसदेच्या संमतीने पोपला या देशात मान्यता दिली आहे, म्हणून मीही ती मान्य करतो.

यात भीती होती, पण नुसती भीती नव्हती. राजा हाच आपल्या देशातल्या चर्चचा देवाने नेमलेला प्रमुख, हे क्रॅन्मर आयुष्यभर शिकवत आला. हेन्रीने पोपला झुगारले तेव्हा या सिद्धांताचा उपयोग झाला. आता गादीवर मेरी होती आणि तिचा हुकूम पोपला मानण्याचा होता. मग आज्ञाभंग कशाच्या आधारावर करायचा? तो ज्या दारातून वीस वर्षे निर्धास्त ये-जा करत होता, तेच दार आता त्याला आत कोंडत होते.

थोड्याच वेळात त्याने सही मागे घेतली. मग दुसरी केली.

३६ दिवस आधी. १४ फेब्रुवारी १५५६

क्राइस्ट चर्चमध्ये पदावनतीचा विधी झाला. आर्चबिशपची सगळी वस्त्रे त्याच्या अंगावर चढवण्यात आली. ती गोणपाटाची आणि चिंध्यांची शिवलेली होती. मग एकेक वस्त्र उतरवले गेले.

विधी करणारे बिशप दोन. लंडनचा एडमंड बॉनर टोमणे मारत होता. इलीचा टॉमस थर्ल्बी जुना मित्र, त्याने क्रॅन्मरच्या घरचे मीठ खाल्लेले. तो रडत होता. रडता रडता त्याने काम पुरे केले.

शेवटी न्हाव्याने डोके भादरले. अभिषेकाचे तेल जिथे लागले होते, ती बोटांची टोके खरवडण्यात आली. क्रॅन्मरने बाहीतून एक कागद काढला : पोपच्या निकालाविरुद्ध चर्चच्या सर्वसाधारण परिषदेकडे अपील. म्हणजे या दिवशी तो अजून लढत होता. ते अपील मान्य झाले नाही.

या दिवसांच्या आसपास सह्यांची संख्या चारवर गेली. प्रत्येक कागद आधीच्यापेक्षा थोडा पुढे जाणारा. मात्र चौथ्यातही त्याने शब्द असे मोघम ठेवले होते की हवे तर निसटता यावे.

२६ दिवस आधी. २४ फेब्रुवारी

ऑक्सफर्डच्या महापौराच्या नावे जाळण्याचा हुकूम निघाला. तारीख ठरली ७ मार्च.

२४ दिवस आधी. २६ फेब्रुवारी

पाचवा कागद. यात निसटायला जागा नाही. ल्यूथर आणि झ्विंग्ली या धर्मसुधारकांची शिकवण पाखंड. पोप हा पृथ्वीवर ख्रिस्ताचा प्रतिनिधी. कॅथलिक चर्चबाहेर तारण नाही. साक्षीदारांत व्हिलागार्सियाचे नाव.

त्याने पापक्षमा मागितली, ती त्याला मिळाली. तो मिस्साला बसला.

इथे प्रकरण मिटायला हवे होते. पहिल्यांदाच पाखंडात सापडलेला माणूस मनापासून परतला, तर त्याला जाळू नये, हा चर्चचाच शिरस्ता. ७ मार्च आला आणि गेला. जाळणे पुढे ढकलले गेले. इंग्लंडमधल्या धर्मसुधारणेचा मुख्य शिल्पकार जिवंत आहे, मिस्साला बसतो आहे आणि ‘मी चुकलो’ म्हणतो आहे : मेरीच्या पक्षाला याहून मोठा विजय मिळणे शक्य नव्हते. त्याला एखाद्या मठात दहा वर्षे जगू दिले असते तरी पुरे होते.

राणीने ठरवले, नाही. या माणसाचा अपराध इतका मोठा की दयेला जागा नाही. तिला सहीही हवी होती आणि राखही.

८ दिवस आधी. १३ मार्च

लंडनमध्ये त्याचा माघारीचा कागद छापून बाहेर पडला होता. राणीच्या सल्लागार मंडळाने रायडल आणि कॉपलंड या दोन मुद्रकांकडून सगळ्या प्रती मागवून घेतल्या. कागदावर स्पॅनिश धर्मगुरूचे नाव होते आणि राणीचा नवरा स्पेनचा. लंडनकरांना यात वेगळाच वास आला असता. स्वतःच मिळवलेला पुरावा सरकारला लोकांसमोर धड ठेवता येत नव्हता. हा इशारा होता. त्याचा अर्थ कोणी लावला नाही.

३ दिवस आधी. १८ मार्च

सहावा कागद. यात सिद्धांत नाहीत, नुसते कोसळणे आहे. आपण चर्चचा छळ करणाऱ्या शौलापेक्षा वाईट, ख्रिस्ताशेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराच्या पंगतीतले, असे तो लिहितो. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याने कोंबडा आरवण्यापूर्वी ख्रिस्ताला तीनदा नाकारले होते. इथे आकडा सहा झाला.

तोवर इटनचा प्रोव्होस्ट डॉ. हेन्री कोल याला राणीकडून गुपचूप निरोप गेला होता : २१ तारखेसाठी मृत्यूप्रसंगीचे प्रवचन तयार ठेवा. जॉन फॉक्सच्या वृत्तांतानुसार क्रॅन्मरला याची खबर दिलेली नव्हती. फॉक्स प्रॉटेस्टंट पक्षाचा, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा लागतो.

१ दिवस आधी. शुक्रवार, २० मार्च

कोल तुरुंगात आला. विचारले, कॅथलिक श्रद्धेवर अजून ठाम आहात ना? क्रॅन्मर म्हणाला, देवाच्या कृपेने रोज अधिक ठाम होत जाईन. कोल समाधानाने परतला. मरणाबद्दल एक शब्द निघाला नाही.

त्याच दिवशी रेजिनाल्ड पोल या कार्डिनलला धर्मगुरूपदाची दीक्षा देण्यात आली. कँटरबरीचा नवा आर्चबिशप तो होणार होता. त्याचा अभिषेक रविवारी ठरला होता. जुना आर्चबिशप शनिवारी संपायचा होता.

शनिवार, २१ मार्च. सकाळ

कोल पुन्हा आला. पैसे आहेत का, विचारले. नाहीत म्हटल्यावर त्याने १५ क्राउन दिले, गरिबांना वाटण्यासाठी. जाळायला नेताना गरिबांना दान देण्याची चाल होती. आता सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

मग व्हिलागार्सिया कागद घेऊन आला. चर्चमध्ये सर्वांसमोर काय बोलायचे, त्याचा मसुदा. स्वतःच्या हाताने उतरवून सही करा, आणि एक प्रत जवळ ठेवा. क्रॅन्मरने दोन्ही केले. त्याच्या अंगरख्यात मात्र त्याचा स्वतःचा एक वेगळा कागदही होता. कोणी झडती घेतली नाही.

बाहेर पाऊस लागला होता. प्रवचन खांबाजवळ उघड्यावर व्हायचे. पावसामुळे ते सेंट मेरी चर्चमध्ये हलवले. या छोट्या बदलाने त्याला छप्पर मिळाले, उंच चौथरा मिळाला आणि गप्प बसून ऐकणारी माणसे मिळाली.

नवाच्या सुमारास

पुढे महापौर, मागे नगराचे पंच, मग दोन भिक्षूंच्या मधून क्रॅन्मर. भिक्षू स्तोत्रे पुटपुटत होते. अंगात फाटका झगा, डोक्यावर जुनी चौकोनी टोपी. राणीच्या वतीने बंदोबस्ताला लॉर्ड विल्यम्स.

प्रवचनपीठासमोरच्या चौथऱ्यावर त्याला उभे केले. चर्च भरलेले होते.

कोलचे प्रवचन

पश्चात्ताप केलेल्या माणसाला का जाळायचे, याचे उत्तर कोलला द्यायचे होते. त्याने कारणे सांगितली : राजाचा घटस्फोट, मग पाखंडाचा प्रसार. त्यानंतर त्याने जमाखर्च मांडला. हेन्रीने मारलेल्या टॉमस मोरच्या मृत्यूची भरपाई मेरीने मारलेल्या नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या मृत्यूने झाली. हेन्रीनेच मारलेला रॉचेस्टरचा बिशप जॉन फिशर मात्र अजून बाकी आहे. हूपर, फेरार आणि रिडली हे जाळलेले तिघे मिळूनही त्याची किंमत भरत नाहीत. म्हणून चौथा हवा.

मग तो क्रॅन्मरकडे वळला. धीर दिला. क्रुसावरच्या चोराला त्याच दिवशी स्वर्ग मिळाला, याची आठवण दिली. तुझ्या आत्म्यासाठी ऑक्सफर्डच्या सगळ्या चर्चमध्ये मिस्सा होतील, असे वचन दिले.

क्रॅन्मर रडत होता. तो पश्चात्तापाने रडतो आहे, असेच सगळ्यांना वाटले.

क्रॅन्मरचे बोलणे

कोल म्हणाला, आता याच्याच तोंडून ऐका.

क्रॅन्मरने प्रार्थना केली. मग उपदेश : जगाचा लोभ सोडा, राजाराणीची आज्ञा पाळा, एकमेकांवर प्रेम करा, श्रीमंतांनी गरिबांना द्यावे. हे सारे ठरल्याप्रमाणे चालले होते. मसुदा माहीत असलेल्यांना पुढे काय येणार तेही माहीत होते : भाकर आणि द्राक्षारसाबद्दलची कबुली.

तो म्हणाला, माझ्या मनाला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट आता सांगतो. माझ्या मनातल्या सत्याविरुद्ध, मरणाच्या भीतीने, जीव वाचेल या आशेने मी जे कागद लिहिले, ते सारे मी नाकारतो. ते या हाताने लिहिले, म्हणून आगीत हाच हात आधी जळेल. पोप ख्रिस्ताचा शत्रू आहे. आणि भाकर-द्राक्षारसाबद्दल मी माझ्या ग्रंथात लिहिले तेच मानतो.

क्षणभर कोणाला काही सुचले नाही. मग आरडाओरडा. लॉर्ड विल्यम्सने त्याच्या कबुलीची आठवण करून दिली. कोल ओरडला, त्याचे तोंड बंद करा, घेऊन जा. त्याला चौथऱ्यावरून खाली ओढण्यात आले.

चर्च ते उत्तर वेशीबाहेरची जागा

अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आतबाहेर. क्रॅन्मर इतका झपाझप चालला की भिक्षूंना त्याच्या बरोबरीने राहणे जड गेले. स्पॅनिश भिक्षू वाटभर त्याला परत वळवू पाहत होते. त्यांच्या हाती आता धमकी नव्हती. तिचा उपयोग आधीच संपला होता.

जागा तीच, लॅटिमर आणि रिडलीची. त्याने वरचे कपडे उतरवले. अनवाणी पाय, टोपीखाली पूर्ण टक्कल, लांब पांढरी दाढी. काही जणांशी त्याने हात मिळवले. एका धर्मगुरूने हात मागे घेतला. कमरेला लोखंडी साखळी घातली.

आग

आग पेटली. त्याने उजवा हात ज्वाळेत धरला. मधे एकदा त्याच हाताने तोंड पुसले आणि पुन्हा आगीत धरला. ‘हा नालायक हात’ एवढे तो म्हणत राहिला. इथे आग नीट चढली; रिडलीसारखे हाल झाले नाहीत.

हे पाहणाऱ्यांत एक कॅथलिक होता. दोनच दिवसांनी त्याने मित्राला पत्र लिहिले, खाली फक्त जे. ए. अशी आद्याक्षरे. क्रॅन्मरचे मत त्याला मुळीच मान्य नव्हते. पण हेच धैर्य योग्य कारणासाठी असते तर मी याची गणना थोर हुतात्म्यांत केली असती, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे.

१ दिवस नंतर. रविवार, २२ मार्च

पोलचा अभिषेक ठरल्याप्रमाणे झाला.

त्यानंतर

बॉनरच्या देखरेखीखाली क्रॅन्मरच्या सर्व शरणपत्रांची पुस्तिका छापून निघाली. सहाही कागद क्रमाने. शेवटी सेंट मेरी चर्चमधले भाषणही दिले होते : मसुद्यात होते तसे, भाकर-द्राक्षारसाच्या कबुलीसह. ऑक्सफर्डमधल्या लोकांनी प्रत्यक्षात काय ऐकले, ते तोवर लंडनला पोहोचले होते.