वाळूतून हिरवळीकडे, हिरवळीतून पुन्हा वाळूकडे : पाइनहर्स्टची वाटचाल

जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी 1895 साली पाइनहर्स्टची जमीन विकत घेतली तेव्हा ती कुणालाच नको होती. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात 'सँडहिल्स' नावाचा वालुकामय टापू आहे. एके काळी तिथे लांब सुयांच्या पाइन वृक्षांची अरण्ये होती. झाडाला खाच पाडायची, पाझरणारी राळ गोळा करायची, तिचे टर्पेंटाइन करून विकायचे आणि झाड आटले की लाकडासाठी तोडायचे, असा उद्योग तिथे पिढ्यान् पिढ्या चालला. सगळे ओरबाडून झाल्यावर मागे उरली वाळू आणि तुटके बुंधे. टफ्ट्स यांना पाच हजार एकरांहून अधिक जमीन मिळाली ती एकरी सुमारे एक डॉलर या भावाने.

टफ्ट्स बॉस्टनचे. सोडा फाउंटनच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला होता. उत्तरेतल्या कडाक्याच्या थंडीतून आजारी, विशेषतः क्षयाने अशक्त झालेल्या माणसांनी यावे आणि सौम्य हवेत बरे व्हावे, असे गाव वसवायचा त्यांचा मानस होता. गावाची आखणी त्यांनी न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क घडवणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या कचेरीकडे दिली. वळणावळणाचे रस्ते, मधोमध हिरवा चौक, बाजूला टुमदार घरे असे ते गाव उभे राहिले. पुढे क्षय संसर्गजन्य असल्याचे लक्षात आल्यावर रुग्णांचा बेत मागे पडला आणि पाइनहर्स्ट विश्रांतीचे, करमणुकीचे हिवाळी गाव झाले. गोल्फ मूळ योजनेत नव्हताच. काही पाहुणे दुभत्या गाईंच्या कुरणात चेंडू मारू लागले, गाई बुजू लागल्या, तेव्हा टफ्ट्स यांनी 1898 मध्ये नऊ होलचे साधे मैदान करून दिले.

पाइनहर्स्टला गोल्फसंस्था म्हणून वळण लावणारा माणूस आला 1900 साली. डोनाल्ड रॉस हे स्कॉटलंडच्या डॉर्नोक गावचे. समुद्रकाठच्या वाळूवरच वाढलेले, सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिस यांच्या हाताखाली शिकलेले. दुसऱ्या कुणाला ही जमीन भकास वाटली असती, रॉसना ती ओळखीची वाटली असणार. पाण्याचा निचरा क्षणात होतो, पाय रुततो पण चिखल होत नाही, जमिनीला हलके चढउतार आहेत. गोल्फला याहून चांगली जमीन मागून मिळत नाही. त्यांनी पाइनहर्स्टमध्ये एकामागून एक मैदाने आखली. त्यांतले 'नंबर टू' 1907 मध्ये अठरा होलांचे झाले आणि पुढची चार दशके, 1948 मध्ये निधन होईपर्यंत, रॉस त्याच्यावर काम करत राहिले. त्यांचे घरच तिसऱ्या होलला लागून होते.

त्या काळचे मैदान आज डोळ्यांसमोर आणायचे तर मनातला हिरवा रंग आधी बाजूला ठेवावा लागतो. पाहुणे यायचे हिवाळ्यात. फेअरवेवर, म्हणजे ज्या कापलेल्या पट्ट्यावरून खेळत होलकडे जायचे तिथे, बर्म्युडा गवत, म्हणजे आपली हरळी. जिचे कोवळे तुरे आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो, तीच. थंडी पडली की ती मरत नाही, झोपी जाते. पाती वाळून गव्हाळ होतात, मुळे जिवंत राहतात. खेळ चालायचा तो या गव्हाळ गवतावर. आणि चेंडू जिथे शेवटी होलमध्ये ढकलायचा त्या 'ग्रीन'वर तर गवतच नव्हते. सपाट, दाबून घट्ट केलेली वाळू. खेळणाऱ्यांची पावले तिच्यावर उमटत, मग गालिच्यासारखे जाड कापड ओढून ती पुन्हा गुळगुळीत करावी लागे. भारतातल्या लष्करी छावण्यांच्या मैदानांवरही अशाच वाळूच्या ग्रीनवर खेळत आणि त्यांना सरळ 'ब्राउन' म्हणत. पाण्याची चणचण असलेल्या जागी जगभर लोकांनी हाच मार्ग शोधला.

पाइनहर्स्टला मात्र पाऊस कमी नाही. वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यापेक्षा बराच जास्त. कोरडेपणा आहे तो जमिनीचा. पडलेले पाणी वाळू धरून ठेवत नाही. म्हणून तिथे हिरवळ राखायची तर वरून सतत पाणी देत राहावे लागते, आणि नाही दिले तर निसर्ग आपला तपकिरी रंग परत आणतो. या संस्थेच्या पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी एवढी एकच गोष्ट आहे.

1934-35 च्या सुमारास रॉस यांनी ग्रीनवर गवत आणले. वाळू जाऊन बर्म्युडा आले आणि त्याबरोबर ग्रीनला आकार देता आला. पालथ्या घातलेल्या परातीसारख्या, मध्यभागी उंच आणि कडांना उतरत्या अशा त्या ग्रीन पुढे नंबर टूची ओळख ठरल्या. 1936 मध्ये पीजीए स्पर्धा इथे झाली, 1951 मध्ये रायडर कप. फेअरवेला पाणी द्यायची सोयही झाली, पण ती साधी होती : फेअरवेच्या मधोमध नळाची एकच रांग. फवारा जिथवर पोहोचेल तिथवर गवत हिरवे, कडेला ते विरळ आणि पिवळे, त्यापलीकडे उघडी वाळू, वायरग्रास नावाच्या रानगवताची झुडपे आणि पाइनच्या सुया. हिरव्यापासून तपकिरीपर्यंतचा हा उतरता रंग कुणी ठरवून रंगवलेला नव्हता, पाण्याच्या पल्ल्याने तो आपोआप ठरत होता. मला या मैदानाच्या इतिहासात सर्वांत विलोभनीय वाटते ती ही नळाची रांग. तिची गाठ पुढे पुन्हा पडणार होती.

हे मैदान राखणारे आणि त्यावर पाहुण्यांच्या पिशव्या वाहणारे बहुतेक हात शेजारच्या टेलरटाउन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून येत. वर्णभेदाच्या त्या काळात ज्या मैदानाचा प्रत्येक उतार त्यांना पाठ होता, तिथे पाहुणा म्हणून खेळायची मुभा त्यांना नव्हती. विली मॅक्रे 1943 मध्ये दहा वर्षांचे असताना कॅडी म्हणून इथे आले आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे काम केले. राष्ट्राध्यक्षांपासून नामांकित खेळाडूंपर्यंत अनेकांना 'पट'ची, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या फटक्याची, रेघ त्यांनी दाखवली. पाइनहर्स्टची वाटचाल लिहिताना टफ्ट्स आणि रॉस यांच्याइतकाच मान या माणसांचा आहे.

टफ्ट्स घराण्याच्या तीन पिढ्यांनी पाइनहर्स्ट सांभाळले. 1970 मध्ये त्यांनी ते डायमंडहेड या कंपनीला विकले. काळही बदलला होता. मास्टर्स स्पर्धेचे रंगीत प्रक्षेपण 1966 मध्ये सुरू झाले आणि ती जिथे होते त्या ऑगस्टाच्या मैदानाची डाग नसलेली हिरवाई घराघरांत पोहोचली. चांगले मैदान म्हणजे काठोकाठ हिरवे मैदान, ही समजूत अमेरिकेतल्या गोल्फने मग मनापासून स्वीकारली. पाइनहर्स्टही त्याच वाटेने गेले. वाळूचे पट्टे बुजवले गेले, वायरग्रास उपटले गेले, झाडांच्या बुंध्यांपर्यंत बर्म्युडा पसरले. मधल्या एका रांगेच्या जागी फवाऱ्यांचे जाळे आले. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. पाहुण्यांना जे आवडते ते देणे, एवढाच विचार होता. पण रॉस यांचे मैदान एकेका वर्षाने, कुणाच्या लक्षात न येता, हिरवळीखाली गाडले गेले.

1984 मध्ये रॉबर्ट डेडमन यांच्या क्लबकॉर्पने आर्थिक अडचणीतले पाइनहर्स्ट घेतले आणि सावरले. मोठ्या स्पर्धा परत आल्या. 1999 च्या यूएस ओपनमध्ये पेन स्ट्युअर्ट यांनी शेवटच्या ग्रीनवर लांबचा पट टाकून फिल मिकेल्सन यांना एका फटक्याने हरवले. चारच महिन्यांनी विमान अपघातात स्ट्युअर्ट गेले. मूठ पुढे उगारलेला त्यांचा पुतळा आज अठराव्या ग्रीनमागे उभा आहे. 2005 मध्ये न्यूझीलंडचे मायकेल कॅम्बेल जिंकले. म्हणजे नाव होते, स्पर्धा होत्या, पाहुणे होते. कुणीही म्हणाले असते, सगळे छान चालले आहे.

अशा भरात असताना संस्थेने जे केले त्याला मी धाडस म्हणतो. अध्यक्ष डॉन पॅजेट यांना वाटू लागले होते की नंबर टू इतर शंभर मैदानांसारखे दिसू लागले आहे. मालक रॉबर्ट डेडमन (धाकटे) यांनी होकार दिला आणि 2010 मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांना बोलावण्यात आले. क्रेनशॉ दोनदा मास्टर्स जिंकलेले आणि गोल्फच्या इतिहासाचे गाढे अभ्यासक. कूर नॉर्थ कॅरोलायनाचेच, तरुणपणी नंबर टूवर खेळलेले, वाळूतले जुने मैदान त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता : जे पुन्हा उभे करायचे ते नेमके कुठे होते?

उत्तर दोन ठिकाणी मिळाले. महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, या भागाची हवाई छायाचित्रे घेतली गेली होती. एका हौशी अभ्यासकाने ती सरकारी संग्रहातून शोधून काढली. त्यांत रॉस हयात असतानाचे नंबर टू वरून स्पष्ट दिसत होते, फेअरवेच्या वेड्यावाकड्या कडा आणि वाळूचे पांढरे डाग यांसह. दुसरा पुरावा जमिनीतच होता. ती जुनी नळाची रांग. दशकानुदशके फेअरवे इकडेतिकडे सरकले होते, पण नळ होता तिथेच होता. तो सापडला की जुन्या फेअरवेचा मध्य सापडला, आणि मध्यापासून मोजत गेले की कडा सापडल्या.

मग काढायला सुरुवात झाली. शेतकऱ्याला विचारा हरळी काढणे काय असते ते. इथे तर पस्तीस एकरांहून अधिक क्षेत्रावरची जोमदार, वर्षानुवर्षे खतपाण्यावर पोसलेली हरळी थरच्या थर कापून उचलली गेली. खाली वाळू होतीच. तिच्यात वायरग्रासची लाखभराहून अधिक रोपे लावली. पाण्याचे सुमारे 1,150 फवारे होते, ते साधारण 450 वर आले, आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा त्याच मधल्या रांगेत. पाण्याचा वार्षिक वापर सुमारे साडेपाच कोटी गॅलनवरून दीड कोटी गॅलनवर उतरला, म्हणजे जवळपास 21 कोटी लिटरवरून पावणेसहा कोटी लिटरच्या आत. हिवाळ्यात रंग टिकवण्यासाठी फेअरवेवर राय गवत पेरायची प्रथाही सोडून दिली. रफ, म्हणजे फेअरवेच्या कडेचे वाढवलेले दाट गवत, ही गोष्टच उरली नाही. गवताच्या फक्त दोन उंची राहिल्या, ग्रीनची एक आणि बाकी सगळ्याची एक. मार्च 2011 मध्ये मैदान पुन्हा उघडले.

खेळणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय पडला, तो वायरग्रासजवळ उभे राहिल्यावर कळतो. गुडघ्याएवढे झुडूप, पाती खरोखर तारेसारखी बारीक आणि चिवट. दोन झुडपांमध्ये मोकळी वाळू, तिच्यावर पडलेल्या पाइनच्या सुया, एखादे पाइनचे फळ. भरकटलेला चेंडू इथे स्वच्छ वाळूवर बसलेला मिळेल, नाहीतर झुडपाच्या बुडाशी अडकलेला मिळेल. पूर्वीच्या दाट रफमध्ये एकच उपाय होता, ताकद लावून चेंडू बाहेर काढायचा. आता विचार करावा लागतो. आणि कोरड्या, टणक फेअरवेवर चेंडू पडल्या जागी थांबत नाही, घरंगळत जातो. उताराची मैत्री आणि वैर दोन्ही भोगावे लागते. कमी पाण्यावरचे मैदान म्हणजे गरिबी, असे मानणाऱ्याने इथला एक होल मन लावून पाहावा.

कसोटी आली जून 2014 मध्ये. पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या दोन आठवड्यांत एकाच मैदानावर, असे प्रथमच घडत होते. दूरचित्रवाणीवर लोकांनी पिवळ्या कडा, करपल्यासारखे गवत, वाळू पाहिली आणि अनेक जण दचकले. गोल्फ मैदानांचे मालक असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनीही या रूपावर जाहीर टीका केली. मैदानाने उत्तर खेळातून दिले. मार्टिन कायमर यांनी पहिल्या दोन दिवशी 65-65 केले आणि आठ फटक्यांनी स्पर्धा जिंकली. ग्रीनबाहेरूनही ते बिनदिक्कत पटर वापरत होते, कारण जमीन त्याला साथ देत होती. पुढच्याच आठवड्यात मिशेल वी यांनी महिलांची स्पर्धा जिंकली. पहिल्या आठवड्याच्या खेळाने मैदान खराब होईल, दुसऱ्या आठवड्यात महिलांच्या वाट्याला उष्टे मैदान येईल, ही भीती खोटी ठरली.

पाणी वाचवणे हा या कामाचा मूळ हेतू नव्हता, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. हेतू होता रॉस यांचे मैदान परत मिळवण्याचा. पाणी त्यामुळे वाचले. ग्रीनना आजही पाणी लागते, फेअरवेलाही लागते. वाळूच्या पट्ट्यांना देखभाल नको, हाही गैरसमज. तिथे नाना वनस्पती उगवतात; कोणती ठेवायची आणि कोणते तण काढायचे हे माणसांनी वाकून, निवडून ठरवावे लागते. यंत्राने सरसकट गवत कापण्यापेक्षा हे काम जास्त जाणतेपणाचे आहे. तरीही तपकिरी रंग हा कमीपणा नाही हे एका नामवंत संस्थेने करून दाखवल्यावर इतरांना ते म्हणणे सोपे झाले. ज्यांच्याकडे हिरवळ परवडत होती त्यांनीच ती सोडली, म्हणून त्या कृतीला वजन आले.

पुढची पावले त्याच दिशेने पडली. 2018 मध्ये गिल हान्स यांनी नंबर फोर नव्याने घडवले, तेही वाळू आणि वायरग्रासमध्ये. 2024 मध्ये टॉम डोक यांचे नंबर टेन सुरू झाले ते जुन्या वाळूच्या खाणीच्या उंचसखल जमिनीवर. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने नंबर टूला यूएस ओपनचे एक कायमचे ठिकाण केले, गावात आपले कार्यालय उघडले, आणि जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेमही पाइनहर्स्टला परत आले. 2024 च्याच यूएस ओपनमध्ये अठराव्या होलवर ब्रायसन डीशॅम्बो यांनी पंचावन्न यार्डांवरच्या बंकरमधून चेंडू होलजवळ आणून ठेवला आणि रोरी मॅकिलरॉय यांच्यावर एका फटक्याने मात केली. 2029 मध्ये पुरुषांची आणि महिलांची ओपन पुन्हा लागोपाठ इथेच ठरली आहे, आणि तोवर वायरग्रासची झुडपे आणखी पसरलेली असतील.