हक्क म्हणायचे की अधिकार?

परंड्यात बसून जपानी भाषेबद्दल काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. पण १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाचे शिक्षणप्रमुख सय्यद रॉस मसूद १९२२ मध्ये जपान पाहून आले होते. पाश्चात्त्य विद्या जपान्यांनी स्वतःच्या भाषेत कशी आणली, हे त्यांना बघायचे होते. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी एक भाषांतर खाते इंग्रजी संज्ञांना उर्दू शब्द घडवत होते. इकडे परंड्यात घरोघरी बोलायचे मराठी! 'स्वतःची भाषा' म्हणजे कोणाची, हे कोणी विचारले नाही. असो.

आज एकच शब्द घेऊ, 'राइट'. जपानीत उजव्या बाजूला 'मिगी' म्हणतात, उत्तर बरोबर असेल तर 'तादाशी'. संदर्भ बघितला की काम झाले. अडचण येते ती माणसाच्या 'राइट'ची. त्यासाठी 'केन्री' हा शब्द चीनमध्ये झालेल्या एका कायदेग्रंथाच्या भाषांतरातून जपानात आला. 'केन' म्हणजे सत्ता, 'री' म्हणजे लाभ. आता बघा, सत्ता आणि लाभ, यात न्याय कुठे आहे? फुकुझावा युकिचींनी १८७२ च्या सुमारास उच्चार तोच ठेवला आणि 'री'चे अक्षर बदलून लिहिले. त्या अक्षराचा अर्थ तत्त्व. पुढे रुळले मात्र लाभाचेच अक्षर.

आपलेही तेच झाले आहे. नीतिशास्त्र शिकवताना मी एकदा फळ्यावर 'माणसाचे अधिकार' लिहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अधिकार तर तहसीलदाराला असतात ना?" मी गप्प झालो. पोराचे बरोबर होते.

आणि गोष्ट नुसत्या तहसीलदाराची नाही. वेदान्तात 'अधिकारी' म्हणजे पात्र माणूस. अधिकार म्हटला की पात्रता आली, आणि पात्रता आली की ती तपासणारा आला. शतकानुशतके आपल्याकडे विद्येचा, पाण्याचा, देवळाचा 'अधिकार' असाच तपासला गेला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते कुणाला पात्रता दाखवायला नव्हे. तिथे शब्द लागतो हक्क.

अर्थात हक्कही काही सोवळा नाही. जुन्या वतनाच्या कागदांत पाटील-कुलकर्ण्यांचे 'हक्क' सापडतात, म्हणजे रयतेकडून घ्यायचे धान्य नि मानपान. म्हणजे पुन्हा लाभच! पण तो शब्द वतनातून सुटला, सगळ्यांचा झाला. अधिकाराला अजून खुर्ची चिकटलेली आहे, असे माझे मत.

संविधानाच्या मराठी अनुवादात 'मूलभूत हक्क' आहे. २००५ च्या कायद्याला मात्र आपण 'माहितीचा अधिकार' म्हणतो. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द एकच. लेख लिहिताना मी दोन्हीकडे हक्क लिहितो, आणि मुद्रितशोधक दुसऱ्या ठिकाणी इमानाने अधिकार करून ठेवतात.