आढ्यताखोर समीक्षकाची उलटतपासणी
हौशी पण आढ्यताखोर समीक्षकाची टर उडवण्याची प्रथा चित्रपटाहून कितीतरी जुनी आहे. डिसेंबर १६६२ मध्ये पॅरिसमध्ये नाटककार मोलिएर याचे ‘बायकांची शाळा’ या अर्थाच्या शीर्षकाचे नाटक रंगमंचावर आले आणि त्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा त्याने जून १६६३ मध्ये टीकाकारांनाच पात्रे करून एकांकिका सादर केली. तिच्यातील मार्की, म्हणजे उमराव, नाटक न ऐकताच त्याला नावे ठेवतो आणि पुरावा म्हणून ‘पार्तेर’चे, म्हणजे स्वस्त तिकिटात उभ्याने नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकांचे, हसणे दाखवतो, तर लिसिदास हा पंडितंमन्य कवी ॲरिस्टॉटल आणि होरेस यांच्या नियमांची ढाल पुढे करतो. रंजन हाच सर्वश्रेष्ठ नियम, हे दोरांत या पात्राचे उत्तर सामान्य रसिकाला त्याचा न्याय्य मान मिळवून देते.