रिंग : बंद पाकिटांचा इतिहास

तरुणपणी काही वर्षे मी एका नगरपालिकेच्या भांडार विभागात कारकुनी केली. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात नळजोडणीच्या सामानाची तीन कोटेशन्स माझ्या टेबलावर आली. लेटरहेड तीन दुकानांची होती, पण टाइपरायटर एकच असावा, कारण तिन्ही कागदांवर ‘ळ’ एकाच जागी तुटलेला होता. मी ते हेडक्लार्कना दाखवले. चष्मा वर न करताच ते म्हणाले, “रिंग आहे. तू तुलनात्मक तक्ता भर.” मी तो भरला.

ठेकेदारांनी आपसांत ठरवून दर भरणे म्हणजे ‘रिंग करणे’. हा शब्द आपल्याकडच्या कचेऱ्यांत सर्वांना ठाऊक असतो. काम कोणाला द्यायचे हे आधीच ठरलेले असते आणि बाकीचे जण मुद्दाम चढे दर भरून ‘सपोर्ट’ देतात. तक्ता नियमाप्रमाणे भरला जातो. फाइलमध्ये काहीही चुकीचे दिसत नाही. मग ही रिंग कायद्याने पकडायची कशी? या प्रश्नाचा माग काढताना मी अमेरिकेतल्या एका जुन्या खटल्यापाशी पोहोचलो.

टेनेसी व्हॅली अथॉरिटी ही अमेरिकन सरकारची वीजनिर्मिती संस्था, १९३३ साली स्थापन झालेली. १९५९च्या फेब्रुवारीत तिने एका मोठ्या टर्बाइनचे काम सी. ए. पार्सन्स या ब्रिटिश कंपनीला दिले. देशी कारखानदारांनी ओरड केली. संस्थेने उत्तरादाखल आपला अनुभव मांडला : देशी कंपन्यांच्या किमती चढत्या आहेत, आणि बंद पाकिटांतून येणारे त्यांचे आकडे अनेकदा सेंटपर्यंत जुळतात. नॉक्सव्हिलच्या एका वृत्तपत्राने मे महिन्यात हे छापले आणि टेनेसीचे सेनेटर एस्टिस केफॉव्हर यांनी प्रकरण हाती घेतले.

संगनमताने किंमत ठरवणे हा अमेरिकेत १८९०च्या शर्मन कायद्यापासून गुन्हा होता. अडचण पुराव्याची होती. दर सारखे असणे हा स्वतः गुन्हा नव्हे. दोन दुकानदार एकमेकांच्या पाट्या पाहूनही एकच भाव लावू शकतात. ‘आपण असे करू’ हे बोलणे झाले होते, याचा पुरावा लागतो. न्यायखात्याने फिलाडेल्फियात ग्रँड ज्यूरीपुढे चौकशी सुरू केली आणि कंपन्यांचे अधिकारी व दप्तरे हजर करण्याचे हुकूम काढले.

जे बाहेर आले ते थक्क करणारे होते. जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस, अ‍ॅलिस-चाल्मर्स या बड्या कंपन्यांचे अधिकारी वर्षानुवर्षे हॉटेलांत गुपचूप भेटत होते. हजेरीपटाला ते ‘ख्रिसमस कार्डांची यादी’ म्हणत आणि बैठकीला ‘भजनी मंडळाचा सराव’. कंपन्यांना क्रमांक होते : जनरल इलेक्ट्रिक एक, वेस्टिंगहाउस दोन, अ‍ॅलिस-चाल्मर्स तीन. फोन सार्वजनिक बूथवरून होत आणि पत्रे कंपनीचे नाव नसलेल्या पाकिटांतून जात. स्विचगियर या यंत्रसामग्रीसाठी त्यांनी पाळीचे कोष्टक केले होते. त्यानुसार दर दोन आठवड्यांनी ‘सर्वांत कमी’ दर भरण्याची पाळी दुसऱ्या कंपनीकडे जाई. या पद्धतीचे नाव होते ‘चंद्राच्या कला’.

ही मंडळी फोडली कोणी? पहिली भेग लहान कंपन्यांकडून पडली. बड्यांच्या मानाने त्यांचा लाभ थोडा आणि भीती मोठी होती. एका लहान कंपनीच्या अधिकाऱ्याने तर बैठकांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. एक बोलला म्हटल्यावर दुसऱ्याला गप्प राहणे परवडेना. साक्षीदारांची रांग लागली.

१९६१च्या फेब्रुवारीत न्यायाधीश जे. कलन गेनी यांनी शिक्षा सुनावल्या. २९ कंपन्या आणि ४५ व्यक्तींवर आरोप होते. दंडाची बेरीज १९ लाख डॉलरांहून थोडी अधिक झाली. या कंपन्यांच्या उलाढालीपुढे ती किरकोळच होती. पण सात अधिकाऱ्यांना ३० दिवसांची कैद झाली, आणि देशाला हादरा बसला तो यामुळे. प्रतिष्ठित, सुशिक्षित माणसे किमती ठरवल्याबद्दल तुरुंगात गेली होती. पुढे ग्राहकांनी १,८०० हून अधिक दिवाणी दावे लावले. तिथल्या कायद्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळते. त्यामुळे कंपन्यांना खरा फटका दंडापेक्षा या दाव्यांतून बसला.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये स्पर्धकांशी किंमतीबाबत बोलण्यास मनाई करणारा लेखी आदेश होता आणि त्यावर अधिकाऱ्यांच्या सह्याही होत्या. तरीही कट चालू राहिला. आपल्याकडच्या निविदेलाही संगनमत केले नसल्याचे हमीपत्र जोडतात. त्याची किंमत काय, हे यावरून कळावे.

या खटल्यातून उमगलेली गोष्ट पुढे अमेरिकेने कायद्याच्या अंमलात आणली. रिंग बाहेरून अभेद्य असते, पण आतून ती केवळ एकमेकांवरच्या विश्वासावर उभी असते. तो विश्वासच पोखरायचा. १९७८ साली न्यायखात्याने माफीचे धोरण आखले आणि १९९३ साली ते अधिक स्पष्ट केले : जो पहिला येऊन कबुली देईल त्याला माफी, दुसऱ्याला ती नाही. दरम्यान १९७४ साली कैदेची मर्यादा तीन वर्षांवर गेली होती आणि २००४ साली ती दहा वर्षे झाली. एका बाजूला सुटकेचे दार आणि दुसऱ्या बाजूला तुरुंगाचे, अशा रचनेत रिंगमधला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो.

आपल्याकडे हा विचार उशिरा आला. स्पर्धा कायदा २००२चा आहे, पण संगनमताविरुद्धच्या तरतुदी मे २००९मध्ये लागू झाल्या. भारतीय स्पर्धा आयोग प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास महासंचालकांकरवी तपास करवतो. दंड नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, यांपैकी जो जास्त असेल तो, कटाच्या प्रत्येक वर्षासाठी होऊ शकतो. पहिल्या कबुलीदाराला पूर्ण माफीही मिळू शकते. ही सवलत प्रत्यक्षात प्रथम दिली गेली ती २०१७ साली, रेल्वेच्या पंख्यांच्या निविदांतील संगनमताच्या प्रकरणात.

पुढच्याच वर्षी पाळी पुण्याची आली. महापालिकेच्या कचरा प्रक्रिया यंत्रांच्या २०१४-१५मधील निविदांबाबत एका नागरी संघटनेने आयोगाकडे तक्रार केली होती. तपास सुरू झाल्यावर निविदाकार स्वतःच सवलतीसाठी अर्ज घेऊन पुढे आले. काहींनी केवळ आधारापुरती पाकिटे टाकल्याचे उघड झाले, म्हणजे ज्याला आपण ‘सपोर्ट’ म्हणतो तेच. २०१८ साली आयोगाने दंड केला आणि कबुलीदारांना त्यात सूट दिली. फिलाडेल्फियात जे घडले तेच येथे घडले : एकाने तोंड उघडताच बाकीच्यांचा धीर सुटला.

तरीही एक फरक उरतो. आपल्या कायद्यात संगनमतासाठी कैद नाही, आणि दंड अपिलांत वर्षानुवर्षे अडकतो. सिमेंट कंपन्यांवर २०१२ साली सुमारे ६,३०० कोटींचा दंड झाला. २०१५ साली अपिलात तो आदेश रद्द झाला, कारण ज्यांनी सुनावणी पूर्ण ऐकली नव्हती त्यांचीही आदेशावर सही होती. २०१६ साली आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ साली अपिलात तो कायम झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान ज्याने घर बांधताना गोणीमागे जादा पैसे मोजले त्याच्या हाती काहीच आले नाही. भरपाई मागण्याची तरतूद कायद्यात आहे, पण सामान्य माणूस तिथवर पोहोचत नाही. माफीचे दार उघडे असून भागत नाही. आत थांबणाऱ्याला चटका बसणार असेल तरच कोणी त्या दाराकडे धावतो.

रिंगचा पैसा शेवटी घरपट्टी-पाणीपट्टीतूनच जातो. तो जातो आहे हे सर्वांत आधी कळते ते तक्ता भरणाऱ्या कारकुनाला. नॉक्सव्हिलची सुरुवातही बंद पाकिटांतले आकडे ताडून पाहणाऱ्यांनीच केली होती. त्यांनी ते मोठ्याने सांगितले, एवढाच फरक. त्या तुटक्या ‘ळ’खाली शेरा लिहिण्यापुरती जागा होती. मी ती कोरी सोडली.