नऊ गुणांचे अंतर : रसेल, चेंबरलेन आणि न मोजलेल्या गोष्टी

बास्केटबॉलमधील सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू कोण, या प्रश्नाचा निवाडा अमेरिकेत बहुधा एकाच प्रकारच्या कागदावर होतो. तो कागद म्हणजे प्लेऑफ सामन्यांचा तक्ता. एनबीए या व्यावसायिक लीगचा नियमित हंगाम संपला की निवडक संघ प्लेऑफमध्ये जातात. तेथे दोन संघ एकमेकांशी पुनःपुन्हा खेळतात आणि सातांपैकी चार सामने जिंकणारा पुढच्या फेरीत जातो. प्रतिस्पर्धी तोच असतो, त्याला तुमच्या साऱ्या लकबी पाठ झालेल्या असतात आणि प्रत्येक चुकीची किंमत दामदुपटीने मोजावी लागते. म्हणून या सामन्यांतील सरासरी हीच खेळाडूची खरी पारख, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. मात्र या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे : तक्त्यात जे आहे तेच मैदानावर घडले आणि जे तक्त्यात नाही ते घडले नाही, किंवा घडले असले तरी ते गौण होते.

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा बखर आणि अस्सल कागद यांतील भेद मराठी वाचकाच्या मनावर ठसला. बखर रंगवून सांगते, कागद तसे करीत नाही, ही त्यामागची धारणा. ती मोलाची आहेच. परंतु ज्याने जुनी दफ्तरे चाळली आहेत त्याला हेही माहीत असते की, कारकुनाला जे टिपून ठेवण्यास सांगितले होते तेवढेच कागदावर उतरते. महसुलाच्या वहीत दुष्काळाचा वसूल सापडतो, दुष्काळ सापडेलच असे नाही. बास्केटबॉलचा तक्ता हाही असाच एका कारकुनाने लिहिलेला कागद आहे आणि बिल रसेल व विल्ट चेंबरलेन या दोघांच्या बाबतीत हे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

त्याआधी अलीकडच्या काळातील बहुचर्चित तुलनेचा उल्लेख करणे भाग आहे. मायकेल जॉर्डनने १९८५ ते १९९८ या काळात १७९ प्लेऑफ सामन्यांत ५,९८७ गुण मिळवले, सरासरी ३३.४. लेब्रॉन जेम्सने २०१७ मध्ये हा एकूण गुणांचा विक्रम मागे टाकला, पण त्यासाठी त्याला २१२ सामने लागले. २०२३ मध्ये तो आठ हजार गुण ओलांडणारा पहिला खेळाडू ठरला. एक पक्ष सरासरी दाखवतो, दुसरा बेरीज. जॉर्डनच्या संपूर्ण कारकिर्दीत पहिली फेरी पाच सामन्यांची होती, ती २००३ पासून सातांची झाली, हे दोन्ही पक्ष सोयीनुसार विसरतात. हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. दोघांच्या काळी मोजण्याची साधने जवळपास सारखीच होती आणि दोघे एकमेकांसमोर प्लेऑफमध्ये कधी उभे ठाकले नाहीत. रसेल आणि चेंबरलेन मात्र उभे ठाकले. एकदा नव्हे, आठ वेळा.

रसेल १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील सुवर्णपदक घेऊन बॉस्टन सेल्टिक्स संघात आला आणि १९६९ मध्ये निवृत्त झाला. या तेरा हंगामांत बॉस्टनने अकरा विजेतेपदे मिळवली. चेंबरलेनचे आगमन १९५९ मध्ये फिलाडेल्फिया वॉरियर्स संघातून झाले. १९६१-६२ च्या हंगामात त्याने सामन्यामागे ५०.४ गुणांची सरासरी राखली आणि २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात १०० गुण केले. (या सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध नाही. उरले आहे ते नोंदपत्रक आणि शेवटच्या सत्राचे रेडिओवरील समालोचन. म्हणजे एक कागद आणि एक बखर!) या पराक्रमानंतरही त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान रसेलला मिळाला. त्या काळी हे मतदान स्वतः खेळाडूच करीत असत. उलट पत्रकारांनी निवडलेल्या वर्षातील आदर्श संघात मध्यस्थानी चेंबरलेन होता आणि रसेल दुसऱ्या संघात. ज्यांच्या हाती तक्ता होता त्यांनी एकाला निवडले. ज्यांना या दोघांच्या अंगावर चाल करून जावे लागत असे त्यांनी दुसऱ्याला निवडले. समकालीनांची साक्ष इतक्या उघडपणे दुभंगलेली क्वचितच आढळते.

आता प्लेऑफचे आकडे पाहू. रसेलची १६५ सामन्यांतील सरासरी १६.२ गुण आणि २४.९ रिबाउंड, चेंबरलेनची १६० सामन्यांतील सरासरी २२.५ गुण आणि २४.५ रिबाउंड. टोपलीत न गेलेला चेंडू झडप घालून ताब्यात घेणे म्हणजे रिबाउंड. आजच्या वाचकाला चोवीस-पंचवीस रिबाउंड अविश्वसनीय वाटतील. त्याचे कारण असे की, १९६१-६२ मध्ये प्रत्येक संघ सामन्यामागे सुमारे १०७ वेळा टोपलीकडे चेंडू टाकत असे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक प्रयत्न वाया जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हीच संख्या ८० च्या आसपास आली. झडप घालण्याजोगे चेंडूच कमी झाले. म्हणून त्या काळाचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी मांडणे म्हणजे जुन्या रुपयाची आजच्या रुपयाशी तुलना करण्यासारखे आहे. तथापि रसेल आणि चेंबरलेन एकाच बाजारात व्यवहार करीत होते. त्यांची परस्परांशी तुलना करण्यास ही अडचण नाही.

चेंबरलेनवरील मुख्य आरोप असा : नियमित हंगामात ३०.१ ची सरासरी असलेला हा खेळाडू प्लेऑफमध्ये २२.५ वर घसरतो, सबब तो मोक्याच्या क्षणी कच खाणारा होता. हा आरोप पन्नास वर्षे पाठ केला गेला आहे. पण ही सरासरी कशाची बनली आहे ते कोणी फोडून पाहत नाही. चेंबरलेन १९६८ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्स संघात गेला. तेथे त्याचे काम बदलले. गुण मिळवण्यासाठी जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर होते. चेंबरलेनकडे प्रामुख्याने बचाव आणि रिबाउंड आले. आता गंमत पाहा : त्याच्या १६० प्लेऑफ सामन्यांपैकी बरोबर निम्मे, म्हणजे ८०, लेकर्सकडून खेळलेले आहेत. नियमित हंगामातील १,०४५ सामन्यांपैकी लेकर्सचे सामने मात्र ३३९, म्हणजे एक तृतीयांशाहून कमी. उतारवयाचे आणि बदललेल्या भूमिकेचे सामने एका पारड्यात निम्मे आणि दुसऱ्यात एक तृतीयांश असतील, तर काटा कुणीकडे झुकणार हे सांगावयास नको.

पहिल्या ८० प्लेऑफ सामन्यांचीच सरासरी काढली तर ती २९ च्या वर जाते. त्याच वर्षांतील नियमित हंगामाची सरासरी ३६ येते. म्हणजे घट उरतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या ८० पैकी ४२ सामने बॉस्टनविरुद्ध, अर्थात रसेलविरुद्ध होते. जगातील सर्वांत कठीण बचावापुढे निम्म्याहून अधिक वेळा उभे राहावे लागलेल्या माणसाचे गुण घटले, यात त्याच्या मनोधैर्याविषयीचा पुरावा कितीसा आहे?

आणि येथेच रसेलविषयीचा प्रश्न सुरू होतो. त्याचे खरे सामर्थ्य प्रतिस्पर्ध्याचा टोपलीकडे निघालेला चेंडू हवेतच अडवण्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये होते. इतर उंच खेळाडू चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देत. रसेल तो हलकेच थोपवून आपल्या सहकाऱ्याच्या दिशेने ढकलत असे आणि तेथूनच बॉस्टनची चढाई सुरू होई. एनबीएने ब्लॉकची अधिकृत नोंद ठेवण्यास आरंभ केला तो १९७३-७४ च्या हंगामात. रसेल निवृत्त होऊन तोवर चार वर्षे लोटली होती. चेंबरलेनही त्याच्या आदल्या हंगामात थांबला होता. ज्या कलेत हे दोघे अद्वितीय होते तिची एकही अधिकृत नोंद दोघांच्याही नावावर नाही. त्यातही नुकसान रसेलचे अधिक, कारण चेंबरलेनपाशी निदान गुणांचे डोंगर आहेत. शिवाय अडवलेला चेंडू तरी मोजता येतो. रसेल उभा आहे हे पाहून जो चेंडू टोपलीकडे गेलाच नाही, त्याची नोंद आजचा तक्ताही ठेवीत नाही.

या मौनाचे सर्वांत नाट्यमय उदाहरण १५ एप्रिल १९६५ चे. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया यांच्यातील मालिकेचा सातवा सामना. चेंबरलेनने ३० गुण व ३२ रिबाउंड मिळवले होते. अखेरच्या क्षणांत त्याने बॉस्टनची आघाडी ११०-१०९ अशी एका गुणावर आणली. त्यानंतर चेंडू आत टाकताना रसेलच्या हातून अक्षम्य चूक झाली. चेंडू टोपलीच्या आधाराच्या तारेला लागला आणि ताबा फिलाडेल्फियाकडे गेला. पाच सेकंद उरली होती. हाल ग्रीरने चेंडू आत फेकला आणि जॉन हॅवलिचेकने उडी घेऊन तो मधल्यामध्ये वळवला. सामना तेथेच संपला. जॉनी मोस्ट या समालोचकाचा त्या क्षणीचा घोगरा आक्रोश इतका गाजला की त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. बास्केटबॉलच्या इतिहासातील ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध चेंडूचोरी. पण चेंडू हिसकावण्याची, म्हणजे ‘स्टील’ची नोंदही १९७३-७४ पासूनची. हॅवलिचेकच्या त्या दिवसाच्या अधिकृत आकड्यांत या कृतीसाठी रकानाच नाही. रसेलच्या चुकीसाठीही नाही. चेंडू गमावण्याच्या चुका आणखी उशिरा, १९७७-७८ पासून, मोजल्या जाऊ लागल्या. त्या पाच सेकंदांत हॅवलिचेकचा हात चुकला असता तर कदाचित रसेलच ‘मोक्याच्या क्षणी कच खाणारा’ ठरला असता.

दोघांत आठ मालिका झाल्या. रसेलच्या संघाने सात जिंकल्या, चेंबरलेनच्या संघाने एक, ती १९६७ ची. सामने ४९, त्यांपैकी बॉस्टनने २९ जिंकले आणि २० गमावले. सातास एक हे प्रमाण पाहिले की एकतर्फी वर्चस्वाचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात चार मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेल्या. त्या चार सामन्यांचे निकाल असे : १९६२ मध्ये १०९-१०७, १९६५ मध्ये ११०-१०९, १९६८ मध्ये १००-९६, १९६९ मध्ये १०८-१०६. चारही सामन्यांतील फरकाची बेरीज अवघी नऊ गुण. या नऊ गुणांवर एकाला विजेता व दुसऱ्याला पराभूत ही बिरुदे कायमची चिकटली. रसेल कारकिर्दीत दहा वेळा सातवा सामना खेळला आणि दहाही वेळा त्याचा संघ जिंकला, हे मी विसरलेलो नाही. दहापैकी दहा हा योगायोग म्हणून झटकून टाकता येत नाही. परंतु रसेलच्या बाजूने हे मान्य केले म्हणून चेंबरलेनच्या विरोधातील आरोप सिद्ध होत नाही. ही दोन स्वतंत्र विधाने आहेत आणि तक्त्यावर भिस्त ठेवणारे ती एकच समजतात.

१९६८ च्या मालिकेकडे पाहताना तर केवळ आकड्यांवर बोलण्याचा संकोच वाटावा. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी फिलाडेल्फियात पहिला सामना खेळवण्यात आला. दोन्ही संघांत कृष्णवर्णीय खेळाडू बहुसंख्य होते. रसेल तर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होता आणि खेळतही होता. खेळावे की नाही यावर दोन्ही संघांत खल झाला. दुसरा सामना किंग यांच्या अंत्यविधीनंतर, १० एप्रिलला झाला. फिलाडेल्फियाचा बिली कनिंगहॅम आधीच जायबंदी होऊन बाहेर होता. ३-१ अशी आघाडी घेऊनही फिलाडेल्फियाने मालिका गमावली. सातव्या सामन्यात चेंबरलेनने ३४ रिबाउंड घेतले, पण उत्तरार्धात टोपलीकडे अवघे दोनच प्रयत्न केले. का, याची उत्तरे अनेकांनी दिली आहेत : सहकाऱ्यांनी चेंडू दिला नाही, प्रशिक्षकाने डावपेच बदलला नाही, तो स्वतःच रुसला. तक्ता फक्त ‘दोन’ म्हणतो.

शेवटची गाठ ५ मे १९६९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पडली. लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला फुगे बांधून ठेवले होते. सामन्याची पाच-सहा मिनिटे उरली असताना गुडघा दुखावल्याने चेंबरलेन बाहेर गेला. थोड्या वेळाने तो परत यावयास तयार होता, पण प्रशिक्षकाने त्याला घेतले नाही. बॉस्टन दोन गुणांनी जिंकले. रसेलच्या खात्यावर त्या दिवशी सहा गुण आणि २१ रिबाउंड होते. तो त्याच्या आयुष्यातील अखेरचा सामना ठरला. चेंबरलेन सामना सोडून गेला, या अर्थाचे जाहीर शेरे रसेलने पुढे मारले आणि त्यानंतर सुमारे दोन दशके या जुन्या मित्रांत बोलणे नव्हते. कालांतराने रसेलने क्षमा मागितली. १९९९ मध्ये चेंबरलेन वारला तेव्हा रसेल अंत्यविधीस उपस्थित होता.

अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी, १९६९ मध्ये, प्रथम देण्यात आला. तो मिळाला जेरी वेस्टला. सातव्या सामन्यात ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट अशी कामगिरी करून हरलेल्या संघातील खेळाडूला! पराभूत संघातील खेळाडूला हा मान त्यानंतर पुन्हा मिळालेला नाही. रसेलला तो मिळण्याची संधी या एकाच वर्षी होती. २००९ मध्ये लीगने या पुरस्काराला बिल रसेलचे नाव दिले.