मधु, मधूक आणि पर्वतप्रदेश

पर्वतप्रदेशातील मद्य म्हटले की सुशिक्षित वाचकास आल्प्सचे द्राक्षमळे आठवतात. स्वित्झर्लंडमधील लावो येथील पायऱ्यापायऱ्यांचे मळे अकराव्या शतकापासून ख्रिस्ती मठवासीयांनी वाढविले. २००७ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. तेथील मद्याला भूमीचे नाव आहे, आणि त्या नावातच त्याची प्रतिष्ठा आहे.

ही रीत आपणांस परकी नाही. कौटिल्याने द्राक्षरसाच्या मद्यालाच ‘मधु’ म्हटले असून त्याचे कापिशायन व हारहूरक हे भेद देशावरून सांगितले आहेत. पाणिनीलाही माहीत असलेली ती कापिशी म्हणजे हिंदुकुशाच्या पायथ्याचा, आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर होय.

आमच्या उकव्याच्या डोंगराळ भागात द्राक्ष नाही, मोह आहे. त्याचे संस्कृत नाव ‘मधूक’. मधूचेच नाते त्यात आहे. चैत्राच्या सुमारास रात्री गळलेली फुले गोंड व बैगा कुटुंबे पहाटे वेचतात आणि वाळवून ठेवतात. अडीअडचणीच्या दिवसांत हेच फूल अन्न होते. आंबवून ऊर्ध्वपातन केले की मद्य होते. जन्म, विवाह, मृत्यू व देवकार्य यांत त्याला स्थान आहे.

परंतु या मद्याला भूमीचे नाव लाभले नाही; लाभला तो अबकारी कायदा. कौटिल्याने सुरेवर राजसत्तेचा ताबा ठेवूनही कुटुंबांना कार्यप्रसंगी घरी मद्य करण्याची मुभा दिली होती. इंग्रजी अमलात महसुलाच्या हिशेबापुढे ही उदारता टिकली नाही. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली मोहफुलांवरच स्वतंत्र कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूलही संशयास्पद ठरले. मध्य प्रांतातही घरची भट्टी हा गुन्हा ठरला. स्वातंत्र्योत्तर काळात मध्य प्रदेशात आदिवासींस घरगुती वापरापुरती सवलत मिळाली, आणि २०२२ मध्ये राज्य शासनाने मोहाच्या मद्यास ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले.

मद्यपानाने कित्येक घरे उद्ध्वस्त झाली आहेत. शिक्षकाच्या पेशात वावरलेल्या माणसास हे दृष्टीआड करता येत नाही. म्हणून हे मद्याचे समर्थन नव्हे. प्रश्न न्यायाचा आहे. एका पर्वताची परंपरा वारसा ठरते आणि दुसऱ्याची गुन्हा, हा भेद फळाफुलांनी केलेला नाही, सत्तेने केला आहे. आता वारशाचा शिक्का उमटत असताना त्याचे श्रेय व लाभ पहाटे फुले वेचणाऱ्या हातांना मिळाले, तरच तो शब्द सार्थ होईल.