पाटणचा मठ आणि खानदेशांतील भूविद्या

बारावीचा निकाल लागला म्हणजे आम्हां सुशिक्षितांच्या घरीं एक ठराविक चर्चा सुरू होते. मुलानें वैद्यकाकडे जावें कीं यंत्रशास्त्राकडे, एवढाच काय तो प्रश्न असतो. अशा वेळीं एखाद्या मुलीनें "मला पृथ्वीचा अभ्यास करावयाचा आहे" असें म्हटलें, तर वडील मंडळी घोटाळ्यांत पडतात. तिनें पुढें केलेल्या अभ्यासक्रमांत खडक आहेत, पाऊस आहे, नदी आहे, माती व वनस्पति आहेत. शिवाय थोडें गणित, थोडें रसायन आणि थोडें अर्थशास्त्रही आहे. "सगळ्यांतलें थोडें थोडें शिकून पोट कसें भरणार?" असें मग कोणी तरी विचारतोच. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आमच्या खानदेशाच्या इतिहासाकडे एकदां वळून पाहावें असें आम्हांस वाटतें. कारण पृथ्वीची विद्या कोणी शिकावी आणि तिला कोणी पोसावें, या गोष्टीचा विचार ह्या भूमीवर आठशें वर्षांपूर्वींच झालेला आहे.

जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवच्या बाजूस, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं पाटण नांवाचें ठिकाण आहे. आज भोंवतीं गौताळ्याचें अभयारण्य आहे, आणि लोक तेथें जातात ते बहुधा देवीच्या दर्शनास. यादवांच्या काळीं मात्र तें भरवस्तीचें नगर होतें. तेथील भवानीच्या पडक्या देवळांतील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत उजेडांत आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या पदरीं मुख्य ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे 'सिद्धांतशिरोमणि' आदिकरून ग्रंथ व आपल्या कुळांतील इतर विद्वानांचे ग्रंथ नियमानें शिकविले जावे, म्हणून त्यानें पाटण येथें मठ स्थापिला; आणि निकुंभ वंशांतील सोइदेव नांवाच्या मांडलिकानें चंद्रग्रहणाच्या पर्वकाळीं त्या मठास उत्पन्न तोडून दिलें. ग्रहणाचें गणित शिकविणाऱ्या शाळेस ग्रहणाच्याच दिवशीं दान मिळावें, हा योग मोठा गोड आहे.

त्या मठांत शिकविलें जात होतें तें काय? 'सिद्धांतशिरोमणि' हा ग्रंथ भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानतात. लीलावतीचें नांव आमच्या घरांतून सर्वांस ठाऊक आहे. गोलाध्याय मात्र फारसा कोणी उघडीत नाहीं. वस्तुतः पृथ्वीविषयींचा विचार आहे तो याच भागांत. पृथ्वी वाटोळी असून तिला कशाचाही आधार नाहीं, ती जड पदार्थांस आपणाकडे ओढून घेते, तिच्या परिघाचा अल्पसा भाग सपाटच दिसणार म्हणून माणसास ती सपाट भासते, असें त्यांत सांगितलें आहे. परिघ ४९६७ योजनें दिला आहे, आणि तो कसा काढावा याची रीतिही दिली आहे. निरक्षदेशापासून उज्जयिनी ही परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर आहे. तेव्हां तें अंतर मोजून सोळापट केलें कीं परिघ आला. आकाशांतील ताऱ्याची उंची आणि जमिनीवरील अंतर हीं दोन्हीं एकत्र आणल्यावांचून हें गणित सुटत नाहीं. याच अध्यायांत पुढें वेध घेण्याचीं यंत्रें येतात, आणि ऋतूंचें वर्णनही येतें. गणित, यंत्र, आकाश, भूमि आणि ऋतु हीं एकाच गुरूपाशीं, एकाच पोथीवरून शिकण्याची सोय पाटणास होती.

याहूनही आमचें लक्ष वेधतो तो लेखाचा शेवटचा भाग. वरचा मजकूर संस्कृतांत आहे. मठाच्या उत्पन्नाचा तपशील मात्र त्या काळच्या मराठींत खोदलेला आहे. पाटणांत जो माल विकावयास येईल त्यावर कांहीं देणें, तेलाच्या घाण्यामागें कांहीं तेल, अशा बारीकसारीक बाबी त्यांत आहेत. ही भाषा पंडितांसाठीं नव्हती; ज्याला द्यावयाचें त्या वाण्याला व तेल्याला ती कळावी म्हणून मराठी योजिली होती, हें उघड आहे. ग्रहगोलांची विद्या बाजारपेठेच्या तेलावर जळत होती. पेठ होती तोंवर दिवा राहिला. इ. स. १३१८ च्या सुमारास यादवांचें राज्य लयास गेलें, पाटण ओस पडलें आणि मठाचें नांव तेवढें शिळेवर उरलें. भास्कराचार्यांचे ग्रंथ पोथ्यांच्या रूपानें देशभर टिकले. परंतु ते जेथें भूमीसन्निध शिकवावयाचे ती शाळा गेली ती गेलीच.

पोथीची शाळा मोडली तरी खानदेशांत भूविद्येचा दुसरा एक प्रवाह चालूच होता; त्यास मात्र पोथी नव्हती. धुळें जिल्ह्यांत पांझरा व तिच्या शेजारच्या नद्यांच्या कांठीं फडपद्धति कित्येक शतकें चालत आलेली आहे. नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, त्यांतून पाट काढावयाचा आणि पाटाखालील सर्व जमिनीचे मोठमोठे फड पाडावयाचे. एका फडांत एका हंगामास सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पुढील हंगामास पीक पालटावयाचें. ज्याची जमीन ज्या फडांत असेल त्यानें त्या फडाचा नियम पाळावयाचा. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागले, आणि त्यांचा मोबदला पुष्कळदां धान्याच्या रूपानें. नदीस पाणी किती, जमिनीस ओल किती टिकते, कोणतें पीक कोणत्या पिकामागून यावें, आणि टंचाईच्या सालीं कोणाचा फड कोरडा ठेवावा, हीं चार शास्त्रें पाटकऱ्याच्या डोक्यांत एकत्र नांदत होतीं. त्यास कोणी पदवी दिली नाहीं. पीक पदरांत पडलें कीं तीच त्याची परीक्षा.

ह्या पांझरेवर इ. स. १८८४ मध्यें एक तरुण इंजिनियर आला. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून परीक्षा उत्तम रीतीनें उतरून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत तो नुकताच रुजू झाला होता. त्याचें नांव मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. साक्री तालुक्यांतील दातर्तीजवळ पाटाचें पाणी नळांतून पलीकडे नेण्याचें काम त्याजकडे आलें. पावसाळ्यांत पुराचा गाळ कामांत येऊं लागला, तेव्हां तें कांहीं काळ तहकूब ठेवावें असें त्यानें वरिष्ठांस सुचविलें. पण वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. अखेर तशाच स्थितींत त्यानें तें पुरें करून दाखविलें. कॉलेजांत नळाचा व्यास काढण्यास शिकविलें होतें. पांझरेचा गाळ कधीं व किती येतो हें मात्र पांझरेनेंच शिकविलें. पुढें नीरा कालव्यावर त्यांनीं 'ब्लॉक' पद्धति सुरू केली. पाण्याच्या मानानें जमिनीचे तुकडे आंखून पिकांची पाळी ठरविणें हें तिचें तत्त्व. फडाशीं तिचें साम्य पाहणाराच्या सहज नजरेंत भरतें.

विश्वेश्वरय्यांसारखा माणूस नदीपासून शिकला. परंतु ज्या व्यवस्थेंत तो काम करीत होता ती व्यवस्था खात्याखात्यांची होती. पाणी एका खात्याकडे, जंगल दुसऱ्याकडे, सारा तिसऱ्याकडे. १८७२ सालीं पांझरा व गिरणा यांना महापूर येऊन मोठी हानि झाली. १८९९-१९०० सालीं त्याच मुलखानें भयंकर दुष्काळ सोसला. पूर आणि अवर्षण हीं एकाच भूमीचीं दोन दुखणीं. त्यांच्या नोंदी मात्र निरनिराळ्या दप्तरांत. विद्यापीठांतही तीच वांटणी झाली. भूगर्भशास्त्रज्ञानें खडकाखालीं पाहावें, हवामानशास्त्रज्ञानें ढगाकडे, वनस्पतिशास्त्रज्ञानें पानाकडे. या विभागणीनें प्रत्येक शास्त्राची अपार वाढ झाली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण तीं एकमेकांशीं बोलेनाशीं झालीं.

तीं पुन्हां बोलूं लागलीं तीं विसाव्या शतकांत. रशियांतील व्लादिमिर वेर्नाद्स्की या खनिजशास्त्रज्ञानें १९२६ सालीं 'जीवावरण' या विषयावर ग्रंथ लिहून सजीव सृष्टि ही भूपृष्ठाची घडण पालटणारी एक शक्ति आहे असें प्रतिपादन केलें. १९८८ सालीं अमेरिकेंतील 'नासा' संस्थेच्या समितीनें वातावरण, सागर, भूमि, हिम व जीव यांचा एकच व्यूह मानून अभ्यास व्हावा असा विस्तृत अहवाल दिला, आणि त्या सुमारापासून ह्या समग्र पृथ्वीविज्ञानास स्वतंत्र नांव व विद्यापीठांतून जागा मिळूं लागली. आमच्या सरकारनेंही २००६ सालीं पृथ्वीविज्ञान मंत्रालय निर्माण केलें. खानदेशापुरतें पाहतां १५ ऑगस्ट १९९० रोजीं जळगांव येथें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्यांत पर्यावरण व भूविज्ञान यांसाठीं एकच प्रशाळा आहे. २०१८ सालीं या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. जिला लिहितां-वाचतां येत नव्हतें आणि जी जन्मभर मातींत राबली, तिचें नांव ज्या विद्यापीठास आहे, तेथें मातीची विद्या पोरकी राहूं नये एवढी अपेक्षा गैर नव्हे.

आतां ह्या एकत्र विद्येची गरज खरोखर आहे काय? दोन विहिरींचीं उदाहरणें घेऊं. पहिली विहीर धुळें-नंदुरबारकडील. तेथें सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा काळा कातळ आहे, आणि त्या कातळाच्या भेगांतून वर येऊन थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंती कित्येक कोस सरळ रेषेंत गेलेल्या दिसतात. जमिनीखालून वाहणारें पाणी अशी भिंत कोठें अडविते, तर कोठें तिच्याच भेगांतून वाट काढते. त्यामुळें भिंतीच्या एका अंगास विहीर भरलेली, दुसऱ्या अंगास शंभर पावलांवर कोरडी, असाही प्रकार घडतो. येथें खडक न जाणतां बंधारा घालणें म्हणजे खर्च आपला व पाणी दैवाचें.

दुसरी विहीर यावल-रावेरकडील. तेथें सातपुड्याच्या पायथ्याशीं दगडगोट्यांचे व वाळूचे जाड थर असून पलीकडे तापीचा खोल गाळ आहे. सुकी, मोर यांसारख्या नद्या डोंगरांतून उतरतात, तेव्हां त्यांचें बरेंचसें पाणी या गोट्यांत मुरतें आणि तेंच खालच्या विहिरींस मिळतें. याच पाण्यावर केळीच्या बागा उभ्या राहिल्या. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. केळीस बाराही महिने पाणी लागतें. मुरतें त्याहून अधिक उपसलें गेल्यामुळें पाण्याची पातळी खोल खोल गेली, आणि विहिरींची जागा विंधनविहिरींनीं घेतली. ठिबकानें पाणी वांचतें हें खरें. पण वांचलेल्या पाण्यावर आणखी बाग लावली तर भूमीच्या हिशेबांत जमा कांहींच होत नाहीं. डोंगरावरील झाडी गेली म्हणजे पुराबरोबर गाळ येतो, गोट्यांच्या फटी बुजतात व मुरणें मंदावतें. ही विहीर कां आटली, हें एकटा भूगर्भशास्त्रज्ञ सांगूं शकत नाहीं, एकटा कृषितज्ज्ञही नाहीं. त्यांत पाऊस आहे, वन आहे, पीक आहे, विजेचा दर आहे आणि केळीचा बाजारभावही आहे. आणि आमच्या शहरी घरांत रोज येणारें केळें याच विहिरीच्या पाण्यावर वाढलेलें आहे.

तरीही वडीलधाऱ्यांची शंका आम्ही हलकी मानीत नाहीं. सगळ्यांतलें थोडें थोडें शिकलेला मनुष्य कशांतच पुरा न होण्याचें भय खरें आहे. भास्कराचार्यांनीं गोलाध्याय लिहिला तो गणितांत पारंगत होऊन. विश्वेश्वरय्यांनीं नदी ओळखली ती स्थापत्य पक्कें शिकून. म्हणून अशा पदवीच्या विद्यार्थ्यानें एका शास्त्राचें मूळ खोल जाऊं द्यावें आणि इतर शास्त्रांची भाषा समजण्याइतकी आत्मसात करावी. आणि दरवर्षीं कांहीं महिने पांझरेच्या पाटावर व रावेरच्या विहिरीवर काढावे. पाटकऱ्यास व बागवानास प्रश्न विचारावे, त्यांचें ऐकून वहींत लिहून घ्यावें. फडपद्धति जाणणारे वृद्ध दिवसेंदिवस कमी होत आहेत. पाटणच्या मठाप्रमाणें त्यांचें ज्ञान शिळेवर कोरलेलें नाहीं. तें गेलें तर कोणी भाऊ दाजी येऊन तें वाचणार नाहीं.

राहिला पोटाचा प्रश्न. तो एकट्या विद्यार्थिनीनें सोडवावयाचा नाहीं. पाटणच्या वाण्यानें व तेल्यानें गोलाध्याय वाचला नव्हता. तरी गांवांत अशी शाळा असावी म्हणून त्यांच्या उत्पन्नांतून वांटा निघत होता. आज केळीचा व्यापार, कापसाची पेठ, नगरपालिका, ग्रामपंचायती यांस पाणी व माती जाणणाऱ्या माणसांची गरज पाटणाहून शतपट अधिक आहे. प्रत्येक तालुक्यानें असा एक जाणता मनुष्य पगार देऊन ठेविला, तर ह्या पदवीस कोणी नांवें ठेवणार नाहीं. तें होईपर्यंत, जी मुलगी पृथ्वीचा अभ्यास करूं म्हणते तिला घरच्यांनीं निदान अडवूं नये. चांगदेवानें आजोबांची विद्या नातवाच्या हातून पुढें चालविली. आमच्या नातीनें ती पुढें नेऊं म्हटलें, तर तिच्या दिव्याला पळीभर तेल आम्हीं घालावें, हेंच योग्य.